काळ्या समुद्रातील परकी गोगलगाय आणि तिचा व्यापार

समुद्राच्या मालावर ज्यांची रोजी चालते त्यांना एखाद्या हंगामात माल कमी येणे नवीन नाही. वारा फिरला, पाऊस लांबला, मोठ्या ट्रॉलरांनी किनारा झाडून नेला, अशी कारणे आपण नेहमी ऐकतो. पण दूरच्या समुद्रातली एक गोगलगाय जहाजाबरोबर येते, कालवांचा जुना धंदा बसवते आणि पुढे त्याच गोगलगाईवर कारखाने उभे राहून परकी चलन मिळू लागते, हा प्रकार विरळाच. काळ्या समुद्रात तो घडला आहे. तुर्कस्तान, बल्गेरिया, रुमानिया, युक्रेन, रशिया आणि जॉर्जिया या देशांचा किनारा या समुद्राला लागतो. या व्यवहारात कोण बुडाला, कोण तरला आणि व्यापाऱ्याने त्यातून काय ओळखावे, याची माहिती आम्ही या पानावर देत आहोत. आपल्या बंदरांतही बाहेरचे शिंपले येऊन बसले आहेत. तेव्हा हा केवळ परमुलखाचा किस्सा समजू नये.

या गोगलगाईचे शास्त्रीय नाव रापाना व्हेनोसा. काळ्या समुद्राच्या काठी तिला नुसते रापाना म्हणतात. तुर्की बाजारात तिला 'देनिझ साल्यांगोझू' म्हणतात, म्हणजे सरळ 'समुद्री गोगलगाय'. तिचे मूळ वतन जपानचा समुद्र, पीत समुद्र आणि चीनचा पूर्व किनारा, खाली तैवानपर्यंत. शंख जड आणि फुगीर, तोंड रुंद, आतली बाजू नारिंगी. साधारण नमुना मुठीएवढा असतो, पण कोरियाच्या किनाऱ्यावर १६ सेंटिमीटरहून मोठे शंखही मिळाले आहेत. हिच्याच घराण्यातली एक दुसरी जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वापार राहते आणि ट्रॉलरच्या जाळ्यात येते. ती इथलीच आहे. तसा शंख हाती आला म्हणून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

गोगलगाय म्हटली की पाला कुरतडणारा गरीब प्राणी डोळ्यापुढे येतो. रापाना तशी नाही. ती मांसाहारी आहे आणि तिचे खाणे म्हणजे नेमका आपला विक्रीचा माल: कालवे, शिनाणे, तिसऱ्या. लहान वयात ती शिंपल्याला भोक पाडते. मोठी झाली की भोक पाडण्याच्या भानगडीत पडत नाही. आपल्या रुंद मांसल पायाने शिंपल्याला कवटाळते, त्याचा श्वास कोंडते, आणि शिंपला उघडला की आतले मांस खाऊन टाकते. मागे राहतो तो रिकामा, न फुटलेला शिंपला. त्यामुळे कालवे मेलेली दिसतात, पण मारणारा कोण हे लवकर ध्यानात येत नाही. शिवाय दिवसाचा बराच वेळ ही गोगलगाय रेतीत पुरून बसलेली असते.

तिची पैदास पाहिली तर धंद्याचे नुकसान एवढे का झाले ते कळते. उन्हाळ्यात मादी दगडावर, शिंपल्यांवर, बंदराच्या खांबांवर अंड्यांच्या बारीक थैल्यांची चटई घालते. सुरुवातीला या थैल्या पिवळ्या असतात, पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास काळपट होतात. एका थैलीत शेकडो अंडी आणि एका चटईत शेकडो थैल्या भरू शकतात. एकच मादी एका मोसमात अनेक वेळा अशी चटई घालते. पिल्ले डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असतात आणि तळाला जाऊन बसण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात. या काही आठवड्यांच्या तरंगण्यातच तिच्या सगळ्या प्रवासाचे मूळ आहे.

जहाज माल उतरवून रिकामे झाले की हलके होते आणि लाटांत डगमगते. त्याला स्थिर ठेवण्यासाठी तळाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात. जहाजी लोक त्याला बॅलास्ट म्हणतात. गलबतांच्या काळात याच कामासाठी दगड-रेती भरत आणि त्याला आपल्याकडे नीरम म्हणत. दगड-रेतीबरोबर पाण्यात तरंगणारे जीव सहसा जात नसत. पाण्याबरोबर मात्र त्या बंदरातले सगळे तरंगते जीव टाकीत येतात. जहाज दुसऱ्या बंदरात माल भरायला लागले की ते पाणी तिथे सोडून देते. मोठ्या जहाजात असे पाणी हजारो टन असते. म्हणजे जे बंदर माल घेते त्यापेक्षा जे बंदर माल पाठवते तिथे बाहेरचे पाणी जास्त पडते. खनिज, कोळसा, धान्य यांसारखा सुटा माल निर्यात करणाऱ्या बंदरांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जहाजाच्या बुडाला चिकटून येणे ही दुसरी वाट. एका समुद्रातली जिवंत कालवे पैदाशीसाठी दुसऱ्या समुद्रात नेणे ही तिसरी. कालवांच्या शिंपल्यावर चिकटलेली अंडी पेटीतून सुखरूप पोचतात.

काळ्या समुद्रात रापाना पहिल्यांदा सापडली ती १९४० च्या दशकात, रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराच्या उपसागरात. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. कॉकेशसचा आणि क्रिमियाचा किनारा तिने दहा वर्षांच्या आत व्यापला. पुढच्या वर्षांत ती बल्गेरिया, रुमानिया आणि तुर्कस्तानच्या पाण्यात पोचली. आजच्या जॉर्जियातील अबखाजिया भागात गुदाउता नावाचे गाव आहे. तिथे समुद्रतळावर कालवांची मोठी नैसर्गिक खडी होती. रापाना तिथे पोचली आणि ती कालवे जवळजवळ संपली. कालवे संपल्यावर ती शिनाण्यांकडे वळली.

चीन-जपानकडच्या मूळ वतनात हीच गोगलगाय एवढा उपद्रव करत नाही. तिथे तिला खाणारे आहेत आणि पकडणारेही आहेत. काळ्या समुद्रात तिला दोन्हींपासून मोकळीक मिळाली. या समुद्राचे पाणी निम्मेच खारे आहे. महासागरात हजार भागांना ३५ भाग मीठ असते, तर इथे वरच्या थरात १७-१८ भाग. एवढ्या कमी खाऱ्या पाण्यात तारामासे तग धरत नाहीत, आणि शिंपले-गोगलगाई खाणारा मोठा शत्रू तारामासाच. रापानाला मात्र कमी मीठ चालते, थंडी चालते, उष्णताही चालते. थोडक्यात, दुकान भरलेले आणि राखणदार नाही, अशी गत झाली.

किनाऱ्यावरचे लोक या गोगलगाईचे करीत काय होते? पहिली तीसएक वर्षे, शंख विकण्यापलीकडे काही नाही. याल्टा, सोची, वार्ना अशा हवा खाण्याच्या ठिकाणी रापानाचे शंख धुऊन, पॉलिश करून प्रवाशांना विकले जात आणि आजही विकले जातात. आमच्या कारागीर बांधवांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की हा शंख जाड असल्याने पॉलिशला चांगला, आतला नारिंगी रंग टिकाऊ, आणि कच्चा माल फुकटात. त्यावर कितीतरी घरांची उपजीविका झाली. पण मांस टाकूनच दिले जाई.

मांसाला गिऱ्हाईक मिळाले ते जपानमध्ये. तिथे ही गोगलगाय 'आकानिशी' नावाने पूर्वापार खाल्ली जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानच्या काळ्या समुद्रकाठच्या कोळ्यांनी ती मुद्दाम धरायला सुरुवात केली. सामसून, ओर्दू, त्राबझोन ही त्या किनाऱ्यावरची मोठी गावे. लोखंडी चौकटीला जाळी लावून ती बोटीमागे तळावरून ओढतात, तिला तिकडे 'अल्गार्ना' म्हणतात. धरलेला माल कारखान्यात वाफेवर शिजवायचा, आकड्याने मांस ओढून काढायचे, पोट वेगळे करून पायाचा मांसल भाग साफ करायचा, आकाराप्रमाणे निवडायचा, गोठवायचा आणि जहाजाने पूर्वेकडे पाठवायचा, असे हे काम आहे. यातले बरेचसे काम हाताचे. म्हणून बोटीवरच्यांइतकीच काठावरच्यांनाही मजुरी मिळाली. २००० च्या दशकाच्या मध्यात तुर्कस्तानात वर्षाला दहा हजार टनांहून अधिक रापाना धरली जात होती.

हा सगळा माल परदेशी जातो, कारण तुर्कस्तानच्या लोकांच्या ताटात तो येत नाही. त्या किनाऱ्यावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, आणि हनफी मसलकात समुद्रातल्या प्राण्यांपैकी मासळीच खाण्यास जायज मानली जाते. कोकणातील आमचे बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे समुद्री प्राण्यांच्या बाबतीत मुभा मोठी आहे, आणि कालवे, तिसऱ्या, खुबे कोकणी मुस्लिम घरांत वर्षानुवर्षे शिजत आले आहेत. आपण न खाणाऱ्या वस्तूची तिजारत करण्याचा मसला वेगळा आहे. त्यावर या व्यापाराच्या पानावरून बोलणे बरोबर नाही, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्हाला इथे एवढेच दाखवायचे आहे की ज्या मालाला घरचे गिऱ्हाईक नाही त्याचा भाव परक्याच्या हाती असतो. जपानच्या आयातदाराने भाव पाडला किंवा चीन-कोरियाचा माल स्वस्त मिळाला, तर तुर्कस्तानचा कोळी आपली गोगलगाय गावच्या बाजारात विकू शकत नाही. मासळी उरली तर वाटता येते, सुकवता येते, घरी नेता येते. इथे तोही मार्ग बंद.

मग एवढ्या लोकांनी हा धंदा का धरला? त्याचे उत्तर दुसऱ्या एका परक्या प्राण्यात आहे. काळ्या समुद्राच्या तुर्की कोळ्यांचे खरे पीक म्हणजे 'हामसी', आपल्या मांदेली-काटीसारखी बारीक मासळी. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक प्रकारची फणी-जेली जहाजांच्या बॅलास्टमधून काळ्या समुद्रात आली. ती पारदर्शक असते आणि मासळीची अंडी व तिचे बारीक खाद्य दोन्ही फस्त करते. १९८८ मध्ये तुर्कस्तानची हामसी तीन लाख टनांच्या जवळ होती. १९९० पर्यंत ती त्याच्या चौथ्या हिश्श्यावर आली. बंदीही नव्हती, वादळही नव्हते, समुद्रातला माल मात्र नाहीसा झाला. अशा वेळी ज्या बोटीला अल्गार्ना होती तिने गोगलगाईवर हप्ते भरले. हामसी पुढे बरीचशी सावरली, पण रापानाचा धंदा राहिला.

बल्गेरियात १९९० च्या दशकात साम्यवादी राजवट गेल्यानंतर सरकारी कारखाने बंद पडत होते. तिथेही १९९४ च्या सुमारास रापाना धरण्याचे काम जोरात सुरू झाले. काही ठिकाणी पाणबुडे हाताने गोळा करीत, काही ठिकाणी तळ खरवडला जाई. रुमानियाने हा धंदा २०१० नंतर मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. आज काळ्या समुद्राकाठच्या देशांच्या मत्स्योत्पादनाच्या आकड्यांत रापानाचा स्वतंत्र रकाना असतो. काही देशांत तर वजनाने ती पहिल्या काही मालांत मोडते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, चला, कालवे गेली पण गोगलगाय आली, हिशेब बरोबर झाला. आमचे मत तसे नाही.

पहिली गोष्ट अशी की बुडालेला आणि तरलेला हा एकच माणूस नव्हता. गुदाउताच्या कालववाल्याचे नुकसान १९५० च्या दशकात झाले आणि नफा झाला तो तीस वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या बोटमालकाला आणि निर्यातदाराला. ज्याचा धंदा बसला त्याला भरपाई मिळाली नाही. दुसरे, तळ खरवडणारी जाळी फक्त गोगलगाय उचलत नाही. उरलेसुरले शिनाणे, तळावरची लहान मासळी, सगळे ढवळून निघते. म्हणजे गोगलगाईने जे सोडले ते गोगलगाय पकडणाऱ्याने मोडले. म्हणूनच बल्गेरियासारख्या देशात तळ खरवडण्यावरून कोळी आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे ओढाताण झाली. तिसरे, पूर्व काळ्या समुद्रात रापानाचा सरासरी आकार घटला. खाद्य कमी झाले, मोठे नमुने आधी पकडले गेले. लहान गोगलगाईला भाव कमी आणि साफ करायची मजुरी जास्त, हे कुठल्याही कोळंबी सोलणाऱ्या बाईला सांगावे लागणार नाही.

आणि यात एक पेच आहे, तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या दिवशी या उपद्रवी प्राण्याला भाव मिळाला त्या दिवसापासून तो नष्ट व्हावा असे कोणालाच वाटेनासे झाले. कारखान्याला दरवर्षी माल हवा, बोटीला दरवर्षी फेरा हवा. सरकारकडे मागणी जाते ती गोगलगाय टिकवण्याचीच: अंडी घालण्याच्या दिवसांत बंदी असावी, लहान माल धरू नये. शिनाण्यांची बाजू मांडायला मात्र कोणी नाही, कारण शिनाण्यांचा धंदा करणारे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले. उपद्रवाला विकून उपद्रव संपवू असे सांगणारे सल्लागार अधूनमधून भेटतात. काळ्या समुद्रात चाळीस वर्षांहून जास्त काळ विक्री चालू आहे आणि गोगलगाय तिथेच आहे.

ही गोगलगाय काळ्या समुद्रातच थांबली नाही. १९७३ मध्ये ती इटलीच्या रावेन्ना शहराजवळ एड्रियाटिक समुद्रात सापडली. १९९७ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, जिथे कालवांची शेती मोठी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात चेसापीक उपसागरात, १९९९ मध्ये दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यामधल्या प्लाता नदीच्या मुखात, २००५ मध्ये हॉलंडजवळ. व्हर्जिनियाचे उदाहरण व्यापाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे. तिथल्या समुद्रविज्ञान संस्थेने कोळ्यांनाच कामाला लावले. जिवंत गोगलगाय आणून दिली तर पाच डॉलर आणि नुसता शंख आणला तर दोन डॉलर, असे इनाम जाहीर केले. कोळी रोज समुद्रावर असतो, शास्त्रज्ञ नसतो. त्या इनामामुळे हजारो नमुने आणि त्यांच्या जागा कळल्या. पुढे पैशाअभावी इनाम थांबले. गोगलगाय काही त्या खाडीतून गेली नाही, पण ती कुठे आहे, किती आहे, याचा नकाशा त्यांच्याकडे आहे. तिथे आणखी एक गमतीची गोष्ट पाहण्यात आली. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यांना इतके मोठे घर पूर्वी मिळत नव्हते. रापानाचे शंख मिळू लागल्यापासून ते खेकडे पूर्वीपेक्षा मोठे वाढू लागले.

परकी समुद्री गोगलगाय दरवेळी चोरवाटेनेच येते असेही नाही. कधी तिला मुद्दाम नेलेले असते, आणि तेही कारागिरांच्या धंद्यासाठी. प्लास्टिक येण्यापूर्वी चांगल्या सदऱ्याची बटणे शिंपल्यांची असत. त्यासाठी ट्रोकस नावाच्या टोकदार, आतून मोत्यासारख्या चमकणाऱ्या शंखाला मागणी होती. प्रशांत महासागरातल्या ज्या बेटांवर तो नव्हता तिथे तो नेऊन सोडण्यात आला. कुक बेटांपैकी ऐतुताकी येथे १९५७ मध्ये फिजीहून ट्रोकस आणून सोडला. पुढे दोन तपे त्याला कोणी हात लावला नाही आणि १९८१ मध्ये पहिल्यांदा तो काढून विकला. तिथे बेटाच्या पंचायतीच्या हुकमाने, ठरावीक मापाचा, मोजक्या दिवसांत काढण्याची पद्धत पडली. ट्रोकस दगडावरचे शेवाळ खातो, कोणाची कालवे खात नाही, म्हणून तो व्यवहार निभावला. पण नेणाऱ्यांना सगळा हिशेब आधी माहीत होता असे समजू नये. एका प्राण्याचे बरे झाले म्हणून दुसरा आणून सोडावा, हा सट्टा आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. रापाना व्हेनोसाने आपल्या कालव-तिसऱ्यांना हात लावल्याचे उदाहरण नाही. पण त्याच वाटांनी आलेली बिऱ्हाडे आपल्याकडे आहेत. काळ्या पट्ट्यांचा एक लहान शिंपला, मूळचा अमेरिकेतल्या कॅरिबियन भागातला, १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही पोचला. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही. बोटीच्या बुडाला, पाण्याच्या नळाला, गोदीच्या भिंतीला थर लावून बसतो. बोट तासून रंगवण्याचा खर्च ज्यांच्या अंगावर पडतो त्यांना त्याचे नाव माहीत नसले तरी तो माहीत आहे.

केरळचे उदाहरण अधिक ताजे आणि आपल्या धंद्याला जवळचे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. असे प्रमाणपत्र मिळवणारा भारतातला तो पहिलाच मत्स्यधंदा. त्यामुळे परदेशी गिऱ्हाईकाचा विश्वास वाढणार होता. त्यानंतर चार-पाच वर्षांतच दक्षिण अमेरिकेकडचा एक परका शिंपला त्या खाडीत आणि कोचीच्या खाडीत पसरलेला आढळला. तिथले लोक त्याला मल्याळममध्ये 'वरत्तन कक्का' म्हणतात, म्हणजे उपरा शिंपला. जिथे तिसऱ्या गोळा करायच्या तिथे याचे गुच्छच्या गुच्छ तळ झाकून बसले. तिसऱ्यांना जागा उरली नाही. हा शिंपला खाता येतो, लोक तो काढून विकूही लागले. काळ्या समुद्रातला पेच इथेही दारात उभा आहे.

मुंबई बंदराचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. २००० साली जागतिक नौकानयन संघटनेने बॅलास्टच्या पाण्याविषयी एक प्रकल्प सुरू केला, तेव्हा जगातली सहा बंदरे नमुन्यादाखल निवडली. त्यांत मुंबई होती आणि काळ्या समुद्रावरचे ओदेसाही होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई बंदराच्या पाण्यातल्या जीवांची पाहणी केली. गोव्यातून लोहखनिज नेण्यासाठी येणारी जहाजे रिकामी, म्हणजे पाणी भरून येत. तेव्हा हा विषय मार्मागोव्यालाही तितकाच लागू आहे.

या प्रकल्पापाठोपाठ २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात जहाजाने किनाऱ्यापासून शक्य तर २०० सागरी मैलांवर, खोल पाण्यात बॅलास्ट बदलावे असा नियम होता. भर समुद्रातले जीव बंदरात सहसा जगत नाहीत, हा त्यामागचा विचार. सप्टेंबर २०२४ पर्यंत करारातल्या जहाजांनी पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवणे किंवा तितकेच शुद्ध पाणी सोडण्याची दुसरी सोय करणे बंधनकारक झाले. मोजमाप असे: एक घनमीटर पाण्यात ठरावीक आकाराहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असावेत. जहाजाला माल पुरवणाऱ्या, दुरुस्तीची कामे घेणाऱ्या आमच्या बांधवांसाठी यात कामही आहे. गाळण्या, दिवे, पंप, झडपा यांची देखभाल आता प्रत्येक मोठ्या जहाजाला लागते. पण जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्यांना हा करार अडवत नाही, आणि लहान बोटी त्याच्या कक्षेत फारशा येत नाहीत.

म्हणून काही गोष्टी धंदेवाल्याच्याच हातात राहतात. जिवंत कालवे किंवा शिनाणे एका खाडीतून आणून दुसऱ्या खाडीत भाव येईपर्यंत सोडून ठेवण्याची रीत काही ठिकाणी आहे. दूरच्या राज्यातला माल असेल तर हे करू नये. त्यांच्याबरोबर काय आले ते डोळ्यांनी दिसत नाही. परराज्यातून आलेला माल धुतल्यावर ते पाणी आणि कचरा खाडीत न टाकता जमिनीत मुरवावा. बोट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात कायमची न्यायची असेल तर बूड आधी तासून घ्यावे आणि तासलेले जमिनीवरच ठेवावे. शोभेच्या टाकीतले प्राणी विकणाऱ्यांनी तर परकी गोगलगाय नको झाली म्हणून समुद्रात सोडून देणे हे पुण्याचे काम समजू नये.

शंख-शिंपल्यांच्या वस्तू बनवणाऱ्या कारागिरांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. २००१ मध्ये केंद्र सरकारने शंख-शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत घातल्या. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने याद्यांची मांडणी बदलली आहे. जुनी यादी पाहून माल घेतला आणि पकडला गेला, तर दुकानदार सुटत नाही. कोणी 'हा परदेशी उपद्रवी प्राण्याचा शंख आहे, याला कायदा नाही' असे सांगून माल गळ्यात मारू पाहील. त्याच्याकडून जातीचे नाव आणि आयातीचे कागद लेखी घ्यावेत.

अनोळखी शंख किंवा शिंपला वारंवार जाळ्यात येऊ लागला, कालवांच्या खडकावर पिवळी-काळी थैल्यांची चटई दिसली, किंवा न फुटलेले रिकामे शिंपले एकाच जागी ढिगाने सापडले, तर दोन-चार नमुने मीठ न लावता बर्फात ठेवावेत. कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, किती पाण्यात मिळाले ते चिठ्ठीवर लिहावे. रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय, केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबईतील केंद्र आणि गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, या तिन्ही ठिकाणी अशा प्राण्यांची ओळख पटवणारी माणसे आहेत. मच्छीमार सोसायटीमार्फत नमुना पाठवला तर एकट्यादुकट्याची धावपळ वाचते आणि सोसायटीच्या दप्तरी त्याची नोंदही राहते.